गोडाचा हिशेब

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आमच्या वर्गाने मिळून काही लिहावे, असे संस्थेचे पत्र आले तेव्हा आम्हां वर्गमित्रांत विषयावरून बराच खल झाला. पहाटेची वंदना, गुरुजनांचा धाक, दिव्याखालचा अभ्यास, पहिल्या बॅचची पत्र्याची शाळा हे सारे मागील अंकांतून अनेकांनी आमच्यापेक्षा सरस लिहिले आहे. शेवटी आम्ही साखर हा विषय घेतला. स्मरणिकेला तो थोडा विजोड वाटेल. पण पन्नाशी ओलांडलेला आमचा वर्ग हल्ली एकत्र जमतो तेव्हा चहा टाकण्याआधी ‘बिनसाखरेचा कोणाकोणाला?’ असे विचारावे लागते, आणि अर्ध्याहून अधिक हात वर जातात. शिवाय आमच्यातील एक मित्र कर्करोगाने गेला. त्याच्या आजारपणात साखरेविषयी जे जे कानांवर आले त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे समजून घेण्यात आमचे वर्ष गेले. ते आपल्या माणसांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी हे सांगितले पाहिजे की आमच्या लोकांना ‘साखर सोडा’ असे म्हणणे सोपे नाही. आमच्या घरी साखर रेशनच्या दुकानातून येई आणि महिना सरायच्या आत संपे. एरवी गुळाचा कोरा चहा. गावातल्या हॉटेलात आमच्या आजोबांची कपबशी वेगळी असे, बाहेर वळचणीला खोचून ठेवलेली; चहा पिऊन झाला की त्यांनीच ती विसळून जागेवर ठेवायची. त्यामुळे वरच्या आळीतले कोणी गुरुजी किंवा ग्रामसेवक आमच्या ओट्यावर टेकून ‘घोटभर चहा टाका’ म्हणत, त्या दिवशी आई शेजारून वाटीभर साखर उसनी आणून हात सैल सोडून कपात घाली. तो चहा पाकासारखा गोड असे. आमच्या घरचे पाणी कोणीतरी घेतले, याची ती गोडी होती. पुढे मुलगा दहावी झाला, नोकरीला लागला, गावात पहिल्यांदा पक्के घर उभे राहिले, तेव्हा पेढ्यांचे पुडे वाटले गेले. आमच्या वस्त्यांत गोड खाणे हे अशा रीतीने माणूस म्हणून वर येण्याचे चिन्ह झाले. बाहेरचा वैद्य हे जाणत नाही, आणि आपला सल्ला का मानला जात नाही याचे त्याला नवल वाटते.

वसतिगृहातही गोडाचे अप्रूप मोठे. सकाळी जर्मनच्या पेल्यात अर्धा पेला चहा, रविवारी शिरा, आणि वर्षावासाच्या महिन्यांत पौर्णिमेला खीर. सुजातेच्या खीरदानाची कथा भंतेजी त्या दिवशी सांगत. आमचे अर्धे लक्ष कथेत आणि अर्धे स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासात असे. त्या दिवसांत आम्हांपैकी एकही मुलगा अंगाने भरलेला नव्हता. म्हणूनच पुढे चाळिशीतच आम्हांला मधुमेह गाठू लागला तेव्हा घरोघरी एकच प्रश्न निघाला : जन्मभर अर्धपोटी राहिलेल्यांना हा श्रीमंतांचा रोग कसा झाला? बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण चरित्रांतून वाचले आहे. तरीही तो आपल्या वस्तीपर्यंत येईल, असे कोणाला वाटले नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या काही खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. या माता कष्टकरी, हडकुळ्या. त्यांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकांशी तुलना केली तेव्हा असे दिसले की आपली बाळे वजनाने पुष्कळ कमी असली तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने फारशी कमी नसते; उणीव पडते ती स्नायूंत आणि आतल्या अवयवांत. वरून बारीक, आतून चरबीचे, असे हे शरीर. पोटात असतानाच टंचाईची सवय लागलेले असे शरीर पुढे बसून करायच्या नोकरीत आणि रोजच्या गोडात आले की साखर हाताळताना लवकर थकते. म्हणजे आमच्या आयांची भूक आमच्या रक्तात साखर होऊन बसली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमचे वाढदिवस या आकड्यांतच कुठेतरी साजरे होतात.

आता मित्राविषयी. तो आमच्या वर्गातला सर्वांत धट्टाकट्टा, कबड्डीत कधी हाती न लागणारा. पाटबंधारे खात्यात नोकरी, दोन मुली, विहाराच्या बांधकामात पुढाकार. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. उपचारासाठी तो परळला गेला, आणि नातलगांचा मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पडला. तेथे महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याची बोली ऐकू येते. आजाराची बातमी पसरताच मोबाइलवर संदेशांचा पूर आला. त्यांतल्या बहुतेकांचा मथितार्थ असा : साखर हे कॅन्सरचे अन्न आहे, साखर तोडली की गाठ उपाशी मरते. घरच्यांनी घाबरून आधी साखर बंद केली, मग गूळ, मग फळे, मग भात, मग दूध. माणूस उन्हात ठेवलेल्या काकडीसारखा सुकत गेला. वजन इतके उतरले की औषधाची पुढची मात्रा लांबणीवर टाकावी लागली. तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी हात जोडून सांगितले, ‘दादा, आधी वजन टिकवा, जे जाईल ते खा.’ पण छापील अक्षराहून मोबाइलचे अक्षर अधिक खरे मानण्याचा हा काळ.

त्या संदेशाचे मूळ मात्र खोटे नाही, आणि म्हणूनच तो घातक आहे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात ओढून घेतात आणि प्राणवायू हाताशी असतानाही ते आंबवल्यासारखे अर्धवट जाळतात. आज पेट स्कॅन नावाची जी तपासणी करतात ती याच गुणावर बेतलेली आहे : किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य शिरेतून देतात आणि ते जिथे जास्त साठते ती जागा चित्रात उजळते. पण त्याच चित्रात रुग्णाचा मेंदूही लखलखत असतो, कारण मेंदूही ग्लुकोजवरच जगतो. शरीरातली प्रत्येक पेशी ते वापरते. ताटातली साखर पूर्ण थांबवली तरी यकृत इतर अन्नातून, आणि तेही न मिळाल्यास शरीराच्या मांसातून ग्लुकोज तयार करून रक्तातले प्रमाण राखते. गाठ उपाशी राहत नाही; उपाशी राहतो तो माणूस.

मित्र गेला तो रोगाने गेला. खाल्ले असते तर वाचला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या वैशाख पौर्णिमेला विहारातून आलेली खीर त्याने दोन वेळा मागितली आणि ‘तुमच्या भल्यासाठीच’ म्हणून ती त्याला दिली गेली नाही. वहिनींना आजही ते विसरता येत नाही. ज्यांनी ते संदेश पुढे ढकलले त्यांच्यापैकी कोणालाही त्या वाटीचा हिशेब ठाऊक नाही.

मग साखरेचा आणि कर्करोगाचा काहीच संबंध नाही काय? आहे. परंतु तो आडवाटेने जातो आणि त्याला वीस-तीस वर्षे लागतात, म्हणून तो भिववीत नाही. गरजेपेक्षा जास्त साखर, विशेषतः पेयांतून पोटात जाणारी, पोट भरल्याची जाणीव न देता वजन वाढवते. चरबी वाढली की इन्सुलिन जास्त पाझरू लागते, आणि हे संप्रेरक पेशींना वाढण्याचाही इशारा देते. चरबीच्या पेशी स्त्री-संप्रेरके तयार करतात आणि शरीरात बारीक दाह सतत धुमसत ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध पुरावा तपासून सांगितले की अतिरिक्त चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी पुरेशा खात्रीने जोडता येतो. त्या यादीत मोठे आतडे आहे, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड आहे, पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग आहे आणि गर्भाशयाच्या पिशवीचाही आहे. हे शेवटचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांच्या आहाराची नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज १०० मिलिलिटर गोड पेय जास्त पिणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. असा अभ्यास दोन गोष्टी बरोबरीने चालताना दाखवतो, एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध करीत नाही. तसे त्या संशोधकांनीही बजावले आहे. तरी १०० मिलिलिटर म्हणजे आमच्या वसतिगृहातला तो अर्धा पेला, हे वाचून आम्ही जरा थबकलो.

हे ज्ञान लोकांपर्यंत उशिरा का आले, याचीही एक कथा आहे. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने १९६० च्या दशकात हार्वर्डच्या काही नामवंत संशोधकांना पैसे दिले आणि हृदयविकाराचा दोष तूप-लोण्यासारख्या स्निग्धांशावर टाकून साखरेला जवळजवळ मोकळे सोडणारा आढावा लिहवून घेतला. तो १९६७ साली एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. पैसे कोणी दिले याचा त्यात उल्लेख नव्हता. जुन्या पत्रव्यवहारातून हे २०१६ साली बाहेर आले. त्याच उद्योगाने पैसे पुरवलेल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात साखरेचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असण्याची खूण दिसू लागताच पैसा थांबला आणि प्रयोग अप्रकाशित राहिला, हे पुढल्याच वर्षी उघड झाले. कोणतीही गोष्ट परंपरेने आली, ग्रंथात आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितली एवढ्यावरून मानू नये, अशी शिकवण लहानपणापासून कानांवर पडलेल्या आपणांस याचे नवल वाटू नये.

प्रमाण किती असावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढ माणसाला साधारण २५ ग्रॅम, राहिली तर अधिक बरे. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा छोटे चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की दिवसाचा वाटा संपला. नंतरचे बिस्कीट, शीतपेय, वाढदिवसाचा केक हे सर्व उधारीवर. शीतपेयाच्या एका लहान बाटलीतच हा वाटा ओलांडला जातो. हल्ली शहरातली मुले ‘आम्ही साखर सोडली, सेंद्रिय गूळ घेतो’ असे अभिमानाने सांगतात. गुळात थोडे लोह असेल, चवही निराळी. पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांची जात एकच.

विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी पाच औषधे सांगितली आहेत : तूप, लोणी, तेल, मध आणि उसापासून केलेले फाणित. ही औषधे स्वीकारल्यावर सात दिवसांपर्यंतच जवळ ठेवता येत. आजाऱ्याला गूळ आणि निरोग्याला गुळाचे पाणी, असाही भेद तेथे आहे. आमच्या मित्राच्या खिरीवरून वाद घालणाऱ्यांना हे माहीत असते तर बरे झाले असते. कोसलचा राजा पसेनदी अतोनात जेवून धापा टाकीत तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला अन्न तोडायला सांगितले नाही. जेवताना मात्रेची आठवण देणारी गाथा त्याच्या सेवकतरुणाला शिकवली, आणि राजाचे जेवण हळूहळू उतरत गेले. गाथा कानावर पडण्याची ही युक्ती आमच्या भोजनगृहात फार चांगली चालेल असे आम्हांला वाटते. भित्तीपत्रकांवर आमचा तेवढा विश्वास नाही.

आतापर्यंत साखर खाणाऱ्यांविषयी झाले. आमचा वर्ग मात्र ऊस तोडणाऱ्यांच्या पोरांचा. दसरा उलटला की आईवडील बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार घालून सांगली, कोल्हापूर, पुढे कर्नाटकापर्यंत जात, आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परतत. या शाळेचे वसतिगृह नसते तर आम्हीही फडात वाढे गोळा करीत राहिलो असतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल दोघांची, कामही दोघांचे. एक दिवस खाडा झाला की दंड. पहाटे चारला उठून तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन डगमगत्या फळीवरून ट्रकवर चढायचे. कोपीला ना न्हाणी ना संडास. पाळीच्या दिवसांतही यातून सुटका नाही, बाळंतपणानंतरही फारशी नाही.

अशा बाईचे पोट दुखणार, अंगावरून जाणार, यात नवल ते काय? ती खासगी दवाखान्यात जाई आणि तिला सांगितले जाई : पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. त्या एका शब्दापुढे कोण उभे राहणार? पुन्हा मुकादमाकडून उचल, पुन्हा कर्ज, आणि तिशीतच पिशवी काढलेली बाई पुढच्या हंगामात फडावर हजर. आमच्यातल्या चौघांच्या आया अशाच आहेत. कंबर धरून चालतात, हाडे दुखतात म्हणतात. २०१९ साली हा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला, विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे.

आता ती यादी पुन्हा पाहावी. पिशवीच्या अस्तराचा जो कर्करोग आहे त्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत सुटलेले वजन पुढच्या रांगेत आहे. दिवसभर ऊस तोडून हाडांची काडी झालेल्या बाईला तो धोका त्या मानाने कमी. साखर ज्यांच्या ताटात गेली त्यांचे शरीर सावकाश धोक्यात आले, आणि ज्यांनी ती साखर उसात असताना कापली त्यांनी त्याच रोगाच्या नुसत्या नावाने शरीराचा भाग गमावला. मित्राच्या घरी खिरीची वाटी आणि आईच्या पोटावरचा व्रण ही एकाच भीतीची दोन कामे, असे आम्ही समजतो.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग खेड्यांतील स्त्रियांना खरोखर गाठतो. त्याचा साखरेशी काही संबंध नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गाने तो होतो आणि वर्षानुवर्षे आधी ओळखता येतो. ओळखता कसा येतो हे जगाला आपल्याच शेजारच्या जिल्ह्याने शिकवले, याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या कार्यकर्त्यांनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गावांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एक बोळा, एक चाचणी. ज्यांना गरज निघाली त्यांच्यावरच पुढचे उपचार. सरसकट पिशवी काढण्याची त्यात कोठेही गरज पडली नाही.

संस्थेने आमची विनंती मान्य करून या जूनपासून स्वयंपाकघरात दोन बदल केले आहेत. सकाळच्या चहाऐवजी दूध किंवा नाचणीची आंबील दिली जाते. साखर ज्या डब्यातून निघते त्यावर रोजचे वजन लिहिले जाते, आणि ते लिहिण्याचे काम आठवीच्या मुलींकडे आहे. पौर्णिमेची खीर चालू आहे आणि चालू राहील. आवारात वाढदिवसाला शीतपेयांच्या बाटल्या आणू नयेत, ही सूचना पालकांनी नाराज न होता पाळावी. फळे आणावीत, पेरू, सीताफळ, बोरे आपल्या बालाघाटात काय कमी आहेत?

दुसरे काम माजी विद्यार्थ्यांचे आहे. आपल्या शाळेतून शिकून डॉक्टर आणि परिचारिका झालेल्या मुलींनी पालक-मातांसाठी तपासणीचे शिबिर घ्यायचे ठरवले आहे. ते मुद्दाम पट्टा पडल्यानंतर, एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, भोजनगृहाच्या मागच्या सभागृहात सकाळी आठपासून होईल. साखर, रक्तदाब आणि रक्ताची तपासणी सर्वांची, आणि तीस वर्षांवरील मातांची गर्भाशयमुखाची तपासणी बंद खोलीत, स्त्री डॉक्टरांकडूनच. ज्यांना कोठेही ‘पिशवी काढा’ असे सांगितले आहे त्यांनी होकार देण्याआधी एकदा येथे यावे, आणि येताना सोनोग्राफीचे व औषधांचे जुने कागद, फाटलेले असले तरी, पिशवीत घालून आणावेत. साखरेच्या तपासणीसाठी उपाशी पोटी यायचे आहे. तपासणी झाल्यावर भाकरी आणि पिठले मिळेल.